आत्याबाईचा चुकांचा तक्ता

त्या युद्धनौकेच्या सेवेचा इतिहास साडेचार पानांचा होता आणि त्यातली एक ओळ एकतीस वर्षं आमच्या घरात राहत होती. ती आमच्याबरोबर जेवायला बसायची. पाहुणे आले की आई तिला मागच्या खोलीत ढकलायची आणि पाहुणे गेले की ती परत येऊन बाबांच्या खुर्चीशेजारी बसायची. लहानपणी मी ती कधी वाचली नव्हती, तरी मला पाठ होती.

‘सेवेच्या तिसऱ्या वर्षी, दाट धुक्यात, जहाज वाळूच्या दांड्यावर चढले. जीवितहानी नाही. कारण: होकायंत्र जुळवणाऱ्याचा निष्काळजीपणा.’

होकायंत्र जुळवणारे म्हणजे माझे बाबा. त्या ओळीनंतर त्यांचं लायसन्स गेलं, गोदीचं फाटक त्यांच्यासाठी बंद झालं आणि ते घरी बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करायला लागले. मी मोठी झाले आणि हट्टाने तेच काम शिकले. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. हा राग तर मी सरळ अभ्यासालाच लावला.

आमचं काम थोडक्यात सांगते. लोखंडी जहाजात ठेवलेलं होकायंत्र खरं बोलत नाही. जहाज बांधताना ज्या दिशेला तोंड करून उभं असतं, ती दिशा घणाच्या घावांबरोबर लोखंडात मुरते. पुढे जहाज कुठेही जावो, ते लोखंड सुईला आपल्याकडे थोडं ओढत राहतं. आम्ही होकायंत्राच्या खांबात चुंबकाच्या कांड्या ठेवून उलटी ओढ लावतो. तरीही थोडी चूक उरतेच. मग जहाज आठही दिशांना फिरवायचं, प्रत्येक दिशेला किती चूक उरली ते कार्डावर लिहायचं आणि कार्ड भिंतीला लावायचं. त्याला चुकांचा तक्ता म्हणतात. बिनचूक होकायंत्र जगात नसतं. चुका लिहून ठेवलेलं असतं, आणि जहाजं त्याच्यावरच चालतात.

बाबांच्या गोष्टी याच असायच्या. आमच्याकडे राजा नव्हता, राणी नव्हती. धक्क्याला बांधलेलं जहाज दुपारी डुलकी काढताना कसलं स्वप्न बघतं? तर ज्या उतारावर ते बांधलं गेलं त्या उताराचं. मी विचारायचे, आणि तो उतार मोडून टाकला असेल तर? बाबा म्हणायचे, जहाजाला कुठे माहीत असतं.

त्या जहाजाला खलाशी आत्याबाई म्हणायचे. नेमून दिलेल्या वाटेनेच जायची, पण जरा डावीकडे रेलून, स्वतःचं काहीतरी म्हणणं असल्यासारखी. आता चौतीस वर्षं नोकरी करून ती दुसऱ्या देशाच्या नौदलाला दिली जाणार होती. या वयात सासरी निघाली, असं म्हणून गोदीतले लोक हसत होते. तिचं होकायंत्र दरवर्षी चष्मेवाले काका जुळवायचे, बाबांच्या जागी आलेले. धंद्यातल्या चौदा वर्षांत मी तिच्यावर पाऊल ठेवलं नव्हतं, कारणं काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ऐन वेळी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि सोपवण्याआधीची शेवटची जुळवणी माझ्याकडे आली. मी हो म्हटलं, ते त्या ओळीसाठी.

पहिल्यांदा गेले ती दफ्तरात. तिथल्या कारकुनाला सगळे टाचणी म्हणतात, कारण त्याच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या असतात आणि तो त्या सांभाळून बोलतो. अरुंद खोली, एकच खिडकी, आणि खिडकीत आत्याबाईचं राखाडी नाक. टेबलावर साडेचार पानं पडली होती. मी उभ्याउभ्या सगळी वाचली. एकदा तिने पुरात छपरांवर अडकलेली तीनशे बारा माणसं उतरवून घेतली. एकदा एका बेटावर मधमाश्यांच्या चारशे पेट्या पोचवल्या. ‘मागील डेक मधाने चिकट झाल्याची नोंद.’ एकदा खऱ्याखुऱ्या शत्रूवर तोफ डागली, नेम चुकला आणि त्यानंतर दोन्ही बाजू आपापल्या घरी गेल्या. वाचता वाचता मला तिच्याबद्दल माया वाटायला लागली, आणि तेवढ्यात दुसऱ्या पानाच्या तळाशी बाबा आले.

“ही ओळ काढा,” मी म्हटलं.

“ताई, मी लिहीत नाही. मी उतरवतो. वरून आलेलं खाली उतरवतो.”

“मग ही वरच राहू दे.”

टाचणीला हसू आलं, पण टाचण्यांमुळे ते अर्धंच बाहेर पडलं. “परवा दहा वाजता सह्या आहेत. दोन्हीकडचे शिक्के पडले की ब्रह्मदेव आला तरी अक्षर हलायचं नाही. त्याआधी पुरावा आणा. हातात धरता येईल असा. कॅप्टनसाहेबांची सही घेतो आणि बदलतो. नुसतं ‘माझे बाबा तसे नव्हते’ म्हणाल, तर त्याला रकाना नाही.”

रकाना नाही हे ऐकून माझं डोकं फिरलं, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी जिना उतरले. जहाजाबरोबर कागद तिकडे गेला की तिकडच्या भाषेत उतरवला जाणार. इथे निदान ती ओळ वाचून कुणीतरी म्हणायचं, ‘अरे, ते? भला माणूस हो.’ तिकडे असं म्हणणारं कोण आहे? ज्यांनी बाबांना कधी पाहिलं नाही, ते बाबांना जन्मभर निष्काळजी म्हणणार. बाबा एकोणऐंशीचे आहेत. त्यांना ओळ नसलेला कागद दाखवायला माझ्याकडे दोन दिवस होते.

घरी बाबा पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसले होते. भिंतीवर चौदा घड्याळं, चौदा तऱ्हांची. आई म्हणते, या घरात चौदा वेळा आहेत आणि जेवायला एकाही वेळी कुणी येत नाही.

“आत्याबाईचं काम माझ्याकडे आलंय,” मी म्हटलं.

बाबांनी मान वर केली नाही. “ओढते का अजून?”

हा प्रश्न ते काकांना दरवर्षी विचारायचे. काका जुळवणी करून परत जाताना मुद्दाम आमच्याकडे डोकवायचे, आई चहाचा कप त्यांच्यापुढे आदळायची, आणि बाबा विचारायचे, ओढते का अजून? दुखावलेला माणूस जखमेला हात लावून बघतो, तसलं काहीतरी असेल असं मी धरून चालले होते.

“काका म्हणाले, कमी झालीय. पण ओढते.”

“कमी होणारच.” त्यांनी एक बारीक स्क्रू वाटीत टाकला. “तू वरवरचं जुळव आणि ये. फार खोदत बसू नकोस.”

“मी सगळ्या कांड्या काढून पहिल्यापासून जुळवणार आहे.”

“कशाला?”

“तुमची ओळ काढायला.”

“ओळ आहे तिथे बरी आहे,” बाबा म्हणाले.

आई दारात उभी होती. “ऐकलंस? एकतीस वर्षं हेच चाललंय. कुणी डोक्यावर बादली ओतली तरी हे म्हणतील, आज पाऊस आला वाटतं.” आणि मला म्हणाली, “तू खोद. चांगलं खोद.”

जेवून मी आडवी झाले आणि मला माझं नेहमीचं स्वप्न पडलं. लहानपणापासून पडतं, आणि दुपारच्या झोपेतच पडतं. आमच्या घराच्या बोळकांडीत आत्याबाई शिरते. भिंतींना अंग घासत, अजिबात आवाज न करता, खुंटीवरच्या कोटांना हलकेच बाजूला सारत ती पुढे पुढे येते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबते. तिला काहीतरी परत द्यायचं असतं, पण तिला हात नाहीत. एवढंच. जाग आली की माझ्या तळहाताला लोखंडाचा वास येतोय असं वाटत राहतं.

तिच्यावर मी एकदाच गेले होते, सात वर्षांची असताना. खलाशांच्या घरच्यांना जहाज दाखवायचा दिवस होता. बाबांनी आठवड्यापूर्वीच जुळवणी केली होती, म्हणून तेही मला घेऊन गेले. मला त्यातलं थोडंच आठवायचं. ताज्या रंगाचा वास, कडेवरून दिसलेली काच आणि काचेखाली डुलणारी तबकडी. त्याच वर्षी माझं खेळण्यातलं चुंबक हरवलं. नालाच्या आकाराचं, लाल रंगाचं. त्याला मी पिवळ्या लोकरीचा धागा बांधला होता. त्यानंतर आमच्या घरात चुंबक म्हणून पुन्हा आलं नाही. घड्याळांना चालत नाही, असं बाबा सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई बंदराबाहेर शांत पाण्यात आली. विरळ धुकं होतं, म्हणजे किनाऱ्यावरची उंच चिमणी दिसेल इतपतच. आमचा कॅप्टन होता, पलीकडच्या नौदलाचा अधिकारी होता, त्याचा दुभाषी होता. वेगळ्या टोप्या घातलेले नवे खलाशी खाली चक्राचक्रावर आपल्या भाषेतल्या चिठ्ठ्या चिकटवत हिंडत होते.

सगळ्यात वरच्या डेकवर होकायंत्राचा लाकडी खांब उभा असतो. कमरेएवढा, वर काचेची टोपी, दोन बाजूंना दोन लोखंडी गोळे, पोटात कप्पे. त्याच्याजवळ यायचं तर अंगावरचं लोखंड आधी ट्रेमध्ये टाकायचं. किल्ल्या, चाकू, केसांच्या पिना, चष्मे, पट्ट्यांची बक्कलं. युद्धनौकेचा कॅप्टन एका हाताने पँट सावरत आज्ञा देतोय, हे आमच्या धंद्याशिवाय कुठे बघायला मिळायचं नाही. लोखंड उतरलं की का कोण जाणे, माणसं हळू बोलायला लागतात.

मी खांबाचं कुलूप काढलं आणि सगळ्या कांड्या बाहेर काढल्या. मग जहाज फिरायला लागलं. अगदी सावकाश, जागच्या जागी. उत्तर, थांब. ईशान्य, थांब. चिमणी आली, गोदामांची छपरं आली, पूल आला, नुसतं पांढरं धुकं आलं आणि पुन्हा चिमणी आली. दुसऱ्या फेरीला मला वाटायला लागलं की आम्ही उभेच आहोत आणि गावच आमच्याभोवती फिरतंय. कुणी बोलत नव्हतं. सुई काचेखाली पाण्यातल्या पानासारखी हलत होती. मी आकडे लिहीत होते आणि मध्येच विसरत होते की माझं वय किती आहे.

आकडे मात्र जागे होते. आत्याबाईचा जन्म कुठल्या दिशेला झाला ते कागदावर लिहिलेलं होतं, आणि तिची ओढ त्या दिशेची नव्हती. म्हणजे, तिकडची होतीच, पण वर आणखी एक होती. मी हातातलं छोटं होकायंत्र घेऊन खांबाभोवती फिरवलं. लांबचं लोखंड सुईला हळू वळवतं, जवळचं हिसका देतं. काचेच्या वीतभर खाली, दिव्याच्या कप्प्यापाशी, सुईने हिसका दिला.

एकतीस वर्षांत हे काकांनी बघितलं नसेल का? बघायचं त्यांना कारण नव्हतं. आमच्या धंद्यात ओढ दिसली की तिचं मूळ शोधत नाहीत, उलटी कांडी ठेवतात आणि पुढच्या जहाजावर जातात.

दिव्याच्या कप्प्याला हाताच्या पंजाएवढी झडप असते. ती उघडून मी दिवा बाहेर काढला. मागे फळीत एक फट होती. पितळेच्या तारेचा आकडा करून मी आत घातला. काहीतरी अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. मग ते बाहेर आलं आणि माझ्या तळहातावर पडलं. नालाच्या आकाराचं, लाल रंगाचं. पिवळा धागा काळा पडला होता, पण गाठ माझीच होती. मला अजूनही गाठ नीट मारता येत नाही.

“काय आहे?” कॅप्टनने पँट सावरत विचारलं.

“चुंबक,” मी म्हटलं.

आणि मग ते सगळं आलं, जसं स्वप्नात येतं तसं, घाई न करता. बाबा मला याच खांबापाशी सांगत होते की हिचा जन्म झाला तो उतार आता मोडून टाकलाय, तिथे कुणी नाही, पण ही बिचारी अजून तिकडेच बघत असते. मग त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते पाठमोरे झाले. दिव्याची झडप उघडी होती. मला तिची फार दया आली. तिला ओढायला कुणीतरी जवळ असू दे, म्हणून मी माझं चुंबक तिला दिलं, चांगलं आत ढकलून, पडू नये म्हणून.

तीन आठवड्यांनी धुक्यात तिचं रोजच्या वापरातलं, विजेवरचं दिशायंत्र बंद पडलं, खलाशांनी या होकायंत्रावर भरवसा ठेवला आणि ती वाळूवर चढली. चौकशी झाली. होकायंत्र तक्त्याशी तीन अंशांनी जुळेना. बाबा चौकशीहून घरी आले, बूटही न काढता माझ्यासमोर खाली बसले.

“तुझं चुंबक कुठे आहे गं?”

“आत्याबाईला दिलं.”

“कुठे ठेवलंस?”

“दिव्याच्या खिडकीतून आत.”

ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बरं केलंस. पण कुणी विचारलं तर हरवलं म्हण.” मी आईला म्हटलं हरवलं. शाळेत म्हटलं हरवलं. इतक्या वेळा म्हटलं की ते खरंच हरवलं.

मी जुळवणी पुरी केली. कशी केली ते मला विचारू नका, हातांनी केली. या वेळी नेहमीपेक्षा दोन कांड्या कमी लागल्या. तक्ता लिहिला, खाली ‘जुळवणारी’ म्हणून सही केली आणि ‘तपासणारा’ ही जागा काकांसाठी मोकळी ठेवली.

दुपारी घरी आले आणि चुंबक बाबांच्या टेबलावर ठेवलं.

बाबांनी भिंग काढलं. “घड्याळांपासून लांब ठेव,” ते म्हणाले.

पहिलं वाक्य हे! मी ते उचलून खिडकीत ठेवलं. आई हात पुसत बाहेर आली. “अगं, हे तर तुझं हरवलेलं...” आणि तिने एकदा त्याच्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं.

“तुमची जुळवणी बरोबर होती,” मी म्हटलं. “बरोबर होती!”

“अर्ध्या अंशापर्यंत,” बाबा म्हणाले.

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू? माझ्या मुलीने नौदलाचं जहाज वाळूवर चढवलं? तुला रोज शाळेत जायचं होतं.” “आणि ती ओळ खोटी नाही. लोक बघायला येणार म्हणून मी त्या दिवशी ट्रे मांडला होता. सगळ्यांचं लोखंड काढून घेतलं. कॅप्टनच्या आईच्या पर्समधली सुईसुद्धा सोडली नाही. तुझ्या खिशात हात घालायचं तेवढं राहिलं. मी निष्काळजी होतो. तुझ्याच बाबतीत होतो, पण होतो.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणावर ते कळत नव्हतं. एकतीस वर्षं मी ज्या ओळीशी भांडले ती खरी निघाली होती.

“दर वर्षी विचारत होतात ते...”

“चुंबकही म्हातारं होतं. दर वर्षी थोडं कमी ओढतं. ते कमी झालं की काकांच्या उलट्या कांड्या जास्त व्हायच्या, म्हणून लक्ष ठेवायला लागायचं.”

आई धपकन खुर्चीत बसली. “मला का नाही सांगितलंत? मी त्या चष्मेवाल्याच्या बायकोशी एकतीस वर्षं धड बोलले नाही!” आणि ती रडायला लागली. बाबा उठले, तिच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले, पण त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी जवळच्या घड्याळाला किल्ली दिली.

डोळे पुसून आई म्हणाली, “खोटी नसेल. पण अर्धी आहे. अर्धी ओळ कुणाच्या गळ्यात बांधू नये. पुरी करा ती.”

“पुरी केली तर हिचं नाव येईल,” बाबा म्हणाले.

“येऊ दे. सात वर्षांच्या पोरीचं काय लायसन्स काढून घेणार आहेत?”

“ती आता सात वर्षांची नाही. उद्या कुणीही म्हणेल, हिला कशाला हात लावू द्यायचा आपल्या होकायंत्राला? माझं गेलं ते गेलं. हिचं जायला नको.”

ते खरं होतं. भीती मलाही वाटली. पण मला दुसरं काही करता येईना. “तुम्हीच शिकवलंत ना,” मी म्हटलं, “उरलेली चूक तक्त्यावर लिहायची म्हणून.”

बाबा घड्याळांकडे बघत राहिले. त्यांनी हो म्हटलं नाही. पण सकाळी मी निघाले तेव्हा ते बूट घालून दारात उभे होते, आणि आई त्यांच्या कोटावरचा धागा उचलत होती. आम्ही फाटकापर्यंत येतो, ती म्हणाली.

दफ्तरात टाचणीने मी रात्री लिहिलेला कागद वाचला आणि ओठांतल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. टाचण्यांविना त्याचे ओठ मी पहिल्यांदाच बघितले.

“ताई, ‘एकटे वाटू नये म्हणून’ हे कारण सरकारी कागदात बसत नाही.”

“त्या रकान्याचं नाव काय आहे?”

“कारण.”

“मग?”

त्याने सुस्कारा सोडला आणि उतरवून काढलं. ‘कारण: जुळवणी अचूक होती. त्यानंतर होकायंत्र जुळवणाऱ्याची सात वर्षांची मुलगी हिने, जहाजाला एकटे वाटू नये म्हणून, होकायंत्राच्या खांबात आपले खेळण्यातले चुंबक ठेवले. जुळवणाऱ्याने तिचे खिसे तपासले नव्हते.’ शेवटचं वाक्य मी घातलं. बाबांनी सांगितलेलं मला गाळता येईना.

कॅप्टनने ते दोनदा वाचलं, चुंबक हातात घेऊन बघितलं आणि सही केली. पलीकडच्या अधिकाऱ्याला दुभाषी हळू आवाजात सांगत होता. त्याला बराच वेळ लागला. मग अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला. “ते चुंबक काढलं का?”

“काढलं,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि सही केली. मग त्याने चुकांचा तक्ता पुढे ओढला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. ‘तपासणारा.’

काका डोळ्याला पट्टी बांधून घरी होते. कॅप्टन माझ्याकडे बघून म्हणाला, “आता दुसरा जुळवणारा कुठून आणायचा?”

“फाटकाबाहेर बाकावर बसलाय,” मी म्हटलं.

कॅप्टनने थोडा विचार केला, हातातल्या चुंबकाकडे बघितलं आणि टाचणीला पाठवलं.

बाबा एकतीस वर्षांनी आत्याबाईवर आले. शिडीवर मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. वरच्या डेकवर ट्रे तसाच होता. त्यांनी चष्मा ठेवला, किल्ल्या ठेवल्या, घड्याळ ठेवलं, पट्टा ठेवला. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी माझ्या कोटाच्या उजव्या खिशात हात घातला, मग डाव्या. अगदी कोपऱ्यापर्यंत. दोन्ही खिसे रिकामे होते. मी सात वर्षांच्या मुलीसारखी हात वर करून उभी राहिले आणि मला रडू आवरेना.

“ठीक,” बाबा म्हणाले आणि खांबाकडे गेले.

जहाज पुन्हा बाहेर काढून त्यांच्यासाठी एकदा फिरवलं. चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नव्हते, म्हणून मी वाचत होते आणि ते काचेवर नाक टेकवून ऐकत होते. “पश्चिमेला अर्धा अंश जास्त धरलायस.” मला राग आला. मी पुन्हा बघितलं. अर्धा अंश जास्त धरला होता. दुरुस्त केल्यावर त्यांनी सही केली आणि खाली लायसन्सचा नंबर लिहिला. तोच, रद्द झालेला, न अडखळता. कॅप्टन त्या नंबरकडे बघत राहिला. मग त्याने शिक्का उचलला आणि त्यावर मारला.

दुपारी वेगळा झेंडा लावून आत्याबाई निघाली. आम्ही तिघं धक्क्यावर उभे होतो. बाबांनी चष्मा लावला होता, तरी डोळे बारीक करून बघत होते.

“ओढते का अजून?” त्यांनी विचारलं.

“नाही. सरळ जातेय.”

बाबांनी खिशातून चुंबक काढलं. कॅप्टनकडून कधी मागून घेतलं होतं कोण जाणे. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि माझी मूठ मिटून वरून धरून ठेवली.

“म्हणजे एकटीच चाललीय,” ते म्हणाले.

धुक्यात ती राखाडी होत होत दिसेनाशी झाली, तरी आम्ही थोडा वेळ तिथेच थांबलो.